टॅब, टॅब, एंटर

सरांच्या टेबलावरचा मॉनिटर त्यांच्याकडं पाठ करून असायचा. सर बसत त्या बाजूला वायरी आणि धूळ. पडदा सगळा समोरच्या खुर्चीकडं. पहिल्या दिवशी मला वाटलं, झाडू मारताना कुणीतरी फिरवून ठेवला असेल. मदत म्हणून मी तो सरळ केला. सरांची बोटं थांबली नाहीत. त्यांनी डाव्या कोपरानं मॉनिटर होता तसा फिरवला आणि छताकडं बघत म्हणाले, "पाव्हणे, ज्याची माहिती त्यानं बघावी. आपुन लिवणारे. आपला काय संबंध?"

मी फारसं बोलणारा माणूस नाही. गप्प राहून निभावून न्यायची सवय मला लहानपणापासूनची, आणि त्या सवयीपायी मनावर बरंच ओझं साठलं आहे. पण आता सर स्वतःच्या मर्जीनं घरी बसले आहेत, मॅडमनीही कारभार भाचीच्या हाती दिला आहे आणि मी पन्नाशीला टेकलो आहे. तेव्हा त्या पडद्यावर मी काय काय केलं ते सांगून टाकतो. मॅडम हे वाचतील. त्यांनी वाचावंच.

हिंगोलीत मोंढ्याच्या बाजाराजवळ हळदीच्या आडत दुकानाच्या वर, दोन खोल्यांत मॅडमचं वधू-वर सूचक केंद्र होतं. खाली पोतं फुटलं की वरचे पंखे, फायली, कीबोर्ड सगळं पिवळं व्हायचं. जिना चढून आलेले पाव्हणे शर्ट झटकत म्हणायचे, "हळद तर लागली, मॅडम. आता पोरगी तेवढी दाखवा." मॅडम नर्सिंगच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या, आवाज अजून वॉर्डातला. जिल्ह्यातल्या बौद्ध घरांतल्या मुलामुलींची नोंद त्यांच्याकडं असायची आणि ती सगळी एका डेटाबेसमध्ये होती. त्या डेटाबेसचं कारभाराचं पान ब्राउझरमध्ये उघडायचं. ते पान मी पहिल्यांदा उघडून बघितलं. नुसत्या ओळी आणि रकाने. प्रत्येक ओळीशेजारी 'बदला' आणि 'पुसा' एकमेकांना चिकटून. जणू मुलाची उंची बदलणं आणि मुलगाच पुसून टाकणं ही एकाच तोलाची कामं. आणि हे पान अख्ख्या केंद्रात फक्त सरांना यायचं.

मी तेव्हा पुण्याहून परत आलो होतो. वडिलांच्या तब्येतीसाठी आलो असं सगळ्यांना सांगत होतो. वडिलांची तब्येत ठणठणीत होती. कंपनीनं मला घरी पाठवलं होतं. मॅडमनी काही न विचारता काम दिलं.

"ते पान असं करून द्या," त्या म्हणाल्या, "का कुणालाबी चालवता आलं पाहिजे. माझ्या भाचीला, मला, चहावाल्याला."

"करतो."

मग दार लोटून घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "सरांना काही बोलू नका. माणूस भला हाय, पण त्यांच्यापायी मी अडकून पडले. पान सुधारलं का दिवाळीनंतर त्यांना निरोप देते. त्यांच्याबिगर चाललं पाहिजे, बास."

मी मान हलवली. मान हलवायला मला कधी वेळ लागत नाही.

सर पूर्वी टायपिंग इन्स्टिट्यूट चालवायचे. टाईपरायटर गेले, इन्स्टिट्यूट गेलं, यंत्रं भंगारात गेली. सरांच्या दहा बोटांचं काय करायचं हे मात्र कुणी ठरवलं नव्हतं. ती चालूच राहिली. गप्पा मारताना मांडीवर, बस थांब्यावर लोखंडी दांड्यावर. एकदा त्यांच्या मिसेस डबा घेऊन आल्या, तेव्हा मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "भाऊ, तुमी कॉम्प्युटरचं काम करून राहिले म्हणे. काहीबी करा, पण ह्यांना इथंच ठेवा. सुट्टीच्या दिवशी घरी राहिले का झोपेतबी बोटं चालतेत. परवा माझ्या पाठीवर आख्खा अर्ज लिवला."

"कसला अर्ज?"

"मला काय माईत? पण खाली सही केली तेव्हा जाग आली."

त्या हसल्या, मीही हसलो. पण जिना चढताना मला मॅडमचा दिवाळीचा बेत आठवला.

पडद्याकडं बघणं म्हणजे सरांच्या लेखी कॉपी करणं. इन्स्टिट्यूटमध्ये ते मुलांच्या हातांवर टॉवेल टाकायचे. डोळे समोरच्या कागदावर, बोटं बटणांवर, आणि मधे कुणी नाही. "बघून लिवलं तर त्यात तुमचं काय हाय?" हा त्यांचा लाडका सवाल. माउस त्यांनी रुमालात गुंडाळून खालच्या खणात ठेवला होता. मी एकदा तो बाहेर काढला तर म्हणाले, "हात उचलून तिकडं नेला का बोटांचं घर सुटतं, इंजिनेर. घर सुटलेल्या माणसाचं काय होतं, तुमी पुण्याला बघितलंच की." त्यांनी हे सहज म्हटलं होतं की त्यांना माझं पुण्याचं कळलं होतं, ते मला अजून माहीत नाही.

माउस नाही, बघणं नाही. मग पान चालवायचं कसं? टॅबनं. नाव लिहायचं, टॅब; उंची, टॅब; शिक्षण, टॅब. निरोप पाठवायचा असेल तर निरोप लिहून टॅब, टॅब, एंटर. मधेच पान काही विचारायला लागलं, 'नक्की करायचं का?' वगैरे, तर आणखी एक एंटर. तो एंटर ते आधीच मारून ठेवायचे, म्हणजे पानाला विचारायला उसंतच नको. "मशीनला उलटं बोलायची सवय लागली का मग ती ऐकत न्हाई," हे त्यामागचं शास्त्र.

सर कधी चुकायचे नाहीत असं मी सांगितलं तर खोटं होईल. सर भरपूर चुकायचे. चूक झाली की आवाजावरून कळते असं ते छाती ठोकून सांगायचे, पण ती त्यांना कधी ऐकू आल्याचं मी बघितलं नाही. एका दुपारी त्यांची बोटं एक घर सरकून बसली आणि औंढ्याच्या एका मुलाची पूर्ण माहिती, नावगावापासून अपेक्षांपर्यंत, भलत्याच अक्षरांत उमटली. ट-ठ-ळ-ङ असलं काहीतरी. उच्चार करायला गेलं तर ठसका लागावा. मुलाचे वडील समोरच्या खुर्चीत, पडद्याकडं टक लावून बसलेले. त्यांनी हाताची घडी घालून ते सगळं श्रद्धेनं बघितलं आणि गेले.

मी दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, "काका, तुमी बघितलं न्हाई का?"

"बघितलं ना."

"मग बोलला का न्हाई?"

"मला वाटलं पाली भाषेत लिवून राहिले सर. म्हटलं, चांगलंच हाय."

मी दुरुस्त करायच्या आत सेनगावच्या एका घरानं ते स्थळ पसंतही केलं होतं. मुलीच्या मामांनी मॅडमना सांगितलं, "आतापर्यंतच्या सगळ्या पोरांत काही ना काही खोट निघाली. ह्याच्यात वाचून तरी काही दिसली न्हाई." ते लग्न झालं. जोडपं सुखात आहे.

तर अशा माणसासाठी मी पान सुधारायला बसलो होतो. 'साठी' कसलं, त्याच्याविरुद्ध. पण काम सुरू केल्यावर मला वेगळीच खाज सुटली. मी ते पान मनापासून बनवायला लागलो. 'पुसा' बटण लांब नेऊन ठेवलं. मुलींच्या आणि मुलांच्या याद्या वेगळ्या केल्या. पार्श्वभूमीला फिकट निळा रंग दिला. तो निळा सापडायला मला तीन दिवस लागले. आणि मला वाटायला लागलं, सरांनी एकदा ह्याच्याकडं बघावं. फक्त एकदा मान वाकडी करून म्हणावं, बरं झालंय. रोज ते पान चालवणारा माणूस जगात एकच, आणि तो त्याच्याकडं पाठ करून बसलेला. स्वयंपाक करावा आणि खाणाऱ्यानं नाक धरून गिळावा, तसं व्हायला लागलं मला.

"सर, नवा निळा रंग टाकलाय."

"टाका ना."

"बघता का?"

"तुमी बघितला ना? मग झालं."

मग माझ्या मनात आलं, यांना दिसतच नसेल. ते लपवण्यासाठी हे टॉवेलचं तत्त्वज्ञान. हा विचार आला आणि मला माझीच लाज वाटली; एका आंधळ्या होत चाललेल्या माणसाची खुर्ची काढून घ्यायला मी निळा रंग शोधत होतो. मी रात्रीतून सगळी बटणं भाकरीएवढी केली. अक्षरं अशी मोठी केली की मुलाचं आडनाव पडद्याबाहेर जायला लागलं. समोर बसणारे पाव्हणे दचकून खुर्ची मागं घ्यायचे. सरांना पत्ताच नव्हता.

शेवटी औंढ्याला डोळे तपासायचं शिबिर होतं तिथं मी त्यांना घेऊन गेलो. एक स्थळ बघायचं निमित्त काढलं, आणि गावात शिरताच जीप थांबवून त्यांना रांगेत उभं केलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी तक्त्यावरची मोठी अक्षरं वाचायला सांगितली. सरांनी सगळ्यात खालची ओळ वाचली. मग तिच्याखाली छापखान्याचं नाव होतं, ते वाचलं. मग म्हणाले, "तिसऱ्या ओळीत दोन अक्षरांमधी जागा जास्ती सुटली. कुणी टाईप केलं हे?"

डॉक्टर माझ्याकडं वळले. "भाऊ, ह्यांना काय तकलीफ आहे?"

"मला डोळ्यांची तकलीफ न्हाई, ह्यांची हाय," सर म्हणाले. "हे इंजिनेर माझ्या मागं लागले."

परतताना जीपमध्ये ते रस्त्यावरच्या पाट्या वाचत बसले. हिंगोलीच्या अलीकडं आल्यावर एकदाच म्हणाले, "मला दिसत न्हाई असं न्हाई. मी बघत न्हाई. फरक हाय." आणि पुढच्या सीटच्या पाठीवर काहीतरी टाईप करत राहिले.

मी भाकऱ्या काढून टाकल्या. आणि इथून पुढचं जरा अवघड आहे.

मॅडमना वधू-वर मेळाव्याचा निरोप सगळ्यांना एकदम पाठवायचा होता. म्हणून मी निरोपाच्या चौकटीखाली एक नवं बटण केलं: 'सगळ्यांना पाठवा'. ते केशरी होतं, गोल कडांचं, आणि फार सुंदर दिसत होतं. ते शोभून दिसावं म्हणून मी त्याला पहिली जागा दिली आणि जुनं 'पाठवा' त्याच्यानंतर नेलं. म्हणजे आधी जिथं टॅब, टॅब, एंटर केल्यावर निरोप एका घरी जायचा, तिथं आता तो त्या यादीतल्या सगळ्या घरी जाणार होता. एकट्याला पाठवायचं तर आणखी एक टॅब लागणार होता.

हे मला माहीत होतं. बटण ठेवताना माहीत होतं. सरांना एका वाक्यात सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. नुकसान करायचं माझ्या मनात नव्हतं, एवढं खरं माना. मला वाटलं, एकदा अडखळतील, 'हे काय?' म्हणून मॉनिटर फिरवतील, आणि त्यांना ते केशरी बटण दिसेल. फुशारकी होती, दुसरं काही नाही.

त्या आठवड्यात सरकारी दवाखान्यातल्या एका नर्सताईंचं स्थळ होतं. वय तिशीच्या पुढं, बघण्याच्या कार्यक्रमांना कंटाळलेल्या. त्यांनी सरांना बजावलं होतं, "सर, एकच पोरगं बघीन. त्या सेनगावच्या कृषी केंद्रवाल्याला बोलवा. ते जमलं तर जमलं, न्हाई तर माझं नाव काढून टाका." सरांनी शब्द दिला. निरोप लिहिला: आपले स्थळ मुलीला पसंत आहे, रविवारी सकाळी घरी बघायला यावे, पत्ता असा असा. टॅब, टॅब, एंटर. आणि पानानं 'सगळ्यांना पाठवायचं का?' असं विचारलं, तेव्हा सरांचा पुढचा एंटर आधीच निघालेला होता.

रविवारी सकाळी मॅडमचा फोन आला. "लवकर या. ताईच्या घरी जीपा लागल्या."

स्टेशनकडच्या वस्तीत ताईंचं घर. मी पोचलो तेव्हा गल्लीच्या तोंडापासून जीप, मोटारसायकली आणि एक छोटा टेम्पो. केंद्रात नाव असलेली जिल्ह्यातली यच्चयावत लग्नाची पोरं इस्त्रीचे शर्ट घालून उभी, आणि प्रत्येकाबरोबर आई, बहीण, मावशी, मेव्हणा. प्रत्येकाच्या हातात पेढ्यांचा पुडा. प्रत्येक जण दुसऱ्याला विचारत होता, "तुमी मुलीकडचे का?"

ताईंचे वडील एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. गर्दी बघून दुसरा माणूस घाबरला असता. ते आत जाऊन जुना खाकी शर्ट घालून आले. हातात एक स्टीलचं ताट आणि पळी. "मागं सरका, मागं सरका! दारात थांबू नका! पुढच्या दारानं चढा, मागच्या दारानं उतरा!" पळी एकदा वाजली की आतलं कुटुंब पाणी पिऊन मागच्या अंगणात जायचं, दोनदा वाजली की नवीन कुटुंब आत. एक मेव्हणा परत बसायला आला तर त्यांनी त्याला ओळखलं. "तुमी तर उतरले होते. परत काहून चढून राहिले?"

"पुडा राहिला आतमधी."

"सामानाची जबाबदारी प्रवाशाची. चला."

ताईंची दुपारची ड्युटी होती. त्या युनिफॉर्ममध्येच बाहेर आल्या, गर्दीकडं बघितलं, आणि माझ्याकडं असं बघितलं की मी एका जीपमागं सरकलो. तेवढ्यात ऊन लागून एका काकांना चक्कर आली. ताईंनी बीपीचं यंत्र आणलं. एका काकांचं बघितलं म्हणून दुसरे काका सरसावले, मग मावशा. तासाभरात मागच्या अंगणात शिबिर भरलं. मुलगी बघायला आलेली माणसं मुलीसमोर बाह्या वर करून ओळीनं बसली होती आणि मुलगी एकेकाला मीठ कमी करायला सांगत होती.

आणि अंगणात दुसरंच सुरू झालं. सेनगावच्या एका मावशींनी औंढ्याकडच्या दुसऱ्याच एका मुलाला नखशिखांत न्याहाळलं आणि त्याच्या आईला विचारलं, "ह्याचं शिक्षण काय झालं, बाई? माझी पुतणी हाय, ही बघा, हिरव्या ड्रेसमधली." ज्याच्या त्याच्या बरोबर बहीण आलेली, जो तो दुसऱ्याचा फोन नंबर लिहून घ्यायला लागला. पेढ्यांचे पुडे आणलेच होते. ते फुटले.

ज्याला खरंच बोलावलं होतं तो कृषी केंद्रवाला सगळ्यात उशिरा आला. त्याला वाटलं, आपण कुणाच्या तरी लग्नात शिरलो. कुणी विचारत नाही म्हटल्यावर तो बिचारा हंडा आणि ग्लास घेऊन सगळ्यांना पाणी वाटायला लागला. ताईंनी त्याचंही बीपी बघितलं. ते काय निघालं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण त्याला दुसऱ्यांदा बघावं लागलं असं म्हणाल्या. पुढं जमलं त्यांचं.

सोमवारी मॅडम एकाच वेळी खूश आणि लालबुंद होत्या. एका सकाळी अंगणात जेवढ्या सोयरिकी जुळल्या तेवढ्या केंद्रात वर्षभर जुळत नसत.

"तुमचं बटण भारी हाय," त्या मला म्हणाल्या. "पण सरांनी काय घोळ घातला! ताईच्या घरच्यांनी पोलिसात जायचं म्हटलं असतं तर? दिवाळीपर्यंत कशाला थांबू? ह्या महिन्याअखेरीला मोकळं करते त्यांना."

आता बोलायलाच हवं होतं. मी बोललो. आयुष्यात पहिल्यांदा न अडखळता बोललो. "मॅडम, चूक सरांची न्हाई. बटणाची जागा मी बदलली. ते बघत नाहीत हे मला माहीत होतं. मी मुद्दाम सांगितलं नाही."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. त्यांचे डोळे पाणावले. "किती भले हाय तुमी," त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्या माणसाची चूक आपल्या अंगावर घेऊन राहिले. असं आजकाल कोण करतं?"

"मॅडम, खरंच मी..."

"बास. मला समजतं. पण भलेपणावर केंद्र चालत न्हाई."

एवढ्या मुश्किलीनं तोंडातून काढलेली गोष्ट अशी कौतुकात वाया गेली. मग मी सरांकडं गेलो आणि त्यांना सगळं सांगितलं: बटणाचं, मॅडमच्या मनात काय आहे ते, आणि हे पान मुळात त्यांच्याशिवाय चालावं म्हणूनच मी बनवत होतो ते. सरांची बोटं पहिल्यांदाच थांबली.

"मला काढायचं का न्हाई, ते मॅडमचं काम," ते म्हणाले. "त्येच्याबद्दल मी तुला बोलणार न्हाई. पण लेका, टॅब काहून बदलला?"

"सर, चुकलं."

"मला सांगितलं असतं तर मी बोटांना सांगितलं असतं."

मला ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी मी बटण मागं नेलं. टॅब पुन्हा होते तसे. पण महिनाअखेर काही मागं जाणार नव्हती. मॅडमची भाची रोज तासभर येऊन पान शिकत होती आणि, वाईट सांगायचं तर, तिला ते छान यायला लागलं होतं. पान चांगलं झालं होतं. मी केलेलं ते सगळ्यात चांगलं काम होतं. कुणालाही चालवता आलं असतं. चहावाल्यानं दोन नोंदी केल्यासुद्धा.

मग मी सुधारणा सुरू केली.

आधी बटणांवरची नावं काढली. भाची म्हणाली, "काका, लिवलेलं गेलं." मी म्हणालो, "अजून काम चालू आहे." मग बटणांचे रंग काढले. मग चौकटींच्या कडा. तो तीन दिवस शोधलेला निळा मी एका क्लिकमध्ये पांढरा केला. शेवटी अक्षरंही पांढरी केली. आत सगळं होतं तसंच होतं, प्रत्येक चौकट, प्रत्येक बटण, टॅबच्या वाटेवर आपापल्या जागी. फक्त बाहेरून दिसायला धुतलेली चादर. सरांच्या रोजच्या चुका समोरच्या पाव्हण्यांना आता दिसणार नव्हत्या, म्हणून त्या मी घरी माझ्या मशीनवर बसून दुरुस्त करायच्या असं ठरवलं. पुढं कित्येक वर्षं तेच केलं. माझ्या धंद्यातल्या कुणाला हे दाखवलं तर तो मला वाळीत टाकेल. मॅडमनी मला पैसे दिले होते ते नेमकं ह्याच्या उलट करायला.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मॅडम भाचीला घेऊन टेबलापाशी आल्या. मॉनिटर आपल्याकडं वळवून घेतला. बघतात तर पांढरं.

"हे काय? बंद हाय का?"

"चालू आहे, मॅडम. आता असंच करतात. मोठ्या कंपन्यासुद्धा पानावरच्या वस्तू कमी करून राहिल्या. स्वच्छ दिसतं." एवढं एकदम खोटं मी त्यापूर्वी बोललो नव्हतो.

भाचीनं माउस फिरवला. इकडं, तिकडं, चारी कोपऱ्यांत. बाण पांढऱ्यावर हरवलेल्या माणसासारखा हिंडत राहिला. "आत्या, इथं काहीच न्हाई."

सर जिना चढून वर आले. शर्ट झटकला, जयभीम घातला, खुर्चीत बसले, कोपरानं मॉनिटर पलीकडं ढकलला. बोटं एकदा अंदाजानं ठेवली. दहा-बारा शब्द लिहिले. टॅब, टॅब, एंटर. मॅडमच्या हातातला फोन वाजला. त्यांनी निरोप वाचला. काय होता ते मला माहीत नाही, पण त्यांनी तो दोनदा वाचला.

"मग हे चालवणार कोण?" त्यांनी मला विचारलं.

मी जमिनीकडं बघत होतो. "सध्या तरी सरच, मॅडम."

तेवढ्यात सेनगावकडचे एक काका मुलाचा फोटो घेऊन आत आले. समोरच्या खुर्चीत टेकले, पडद्याकडं वाकून बघितलं, चष्मा पुसला, परत बघितलं.

"सर, ह्याच्यावर तर काहीच दिसून न्हाई राहिलं."

सर छताकडं बघत बोटं ठेवून तयार बसले होते. त्यांच्या आधी मॅडमच बोलल्या, वॉर्डातल्या आवाजात.

"ते असंच असतं. तुमी पोराची उंची सांगा."